बिनटोकाचा गळ

आमच्या नल्लकुंट्याच्या घरात दुपारी तीनच्या सुमारास मागच्या खोलीतून कधीकधी एक आवाज येतो. कट्. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, पण त्याहून बारीक. जाऊन पाहावं तर खिडकीतून ऊन आत आलेलं, खाट, आत्याची लाकडी पेटी, आणि कोणी नाही. मी दारात उभा राहून त्याच्या मागून यायला हव्या असलेल्या दुसऱ्या आवाजाची वाट बघतो. तो लगेच येत नाही.

बायको म्हणते, पाल असेल. लग्नानंतर तिच्या समाधानासाठी मी त्या खोलीतल्या झाडून सगळ्या पाली हाकलल्या. त्यातली एक तर निजामाच्या वेळची होती. भिंतीवरून उतरताना तिनं मागं वळून मला अस्सल दखनीत शिवी दिली. पाली गेल्या. आवाज राहिला.

मी कसा माणूस आहे ते आधीच सांगतो, म्हणजे पुढं तक्रार नको. आमच्या नातेवाइकांत असा रिवाज आहे की मी काही सांगितलं की त्यातलं निम्मं तिथंच सोडून द्यायचं आणि उरलेलं घरी नेऊन उन्हात घालायचं. वाळून जे राहील ते खरं. मला त्याचं वाईट वाटत नाही. सुलतान बाजारात कोथिंबीर आणायला गेलो तर कोथिंबीर विसरून येईन, पण गोष्ट आणल्याशिवाय येणार नाही. ते सगळं खुशाल वाळवा. या आवाजाला मात्र ऊन दाखवू नका. तो आहे तेवढाच आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी सासरी गेली, एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून परत आली आणि मागच्या खोलीत राहायला लागली. आईवडील गेल्यावर मला तिनंच वाढवलं. पुढं घरात आम्ही दोघंच. मी बोलायचो आणि ती वाती वळायची. वाती सगळ्याच म्हाताऱ्या वळतात. पण आत्याची वात म्हणजे देवानं स्वतः मागवून घ्यावी अशी. बोटाला चिमूटभर राख लावायची, कापसाचा पेळू दोन बोटांत धरायचा, आणि एका झटक्यात सुईसारखी बारीक, सरळ, कुठं गाठ नाही, कुठं फुगा नाही. लाख वातींचं व्रत तिनं तीनदा केलं. मी लोकांना सात वेळा सांगतो.

देशानं दारं उघडली ते दिवस. हैदराबादेत ज्याला त्याला बाहेर काहीतरी पाठवायचं होतं. कोणी ग्रॅनाइट पाठवत होता, कोणी द्राक्षं, कोणी देवळात कापलेले केस. मी सुलतान बाजारातल्या एका पुस्तकांच्या दुकानात इंग्रजी पत्रं टाइप करायचो. तिथं एक तेलुगू गृहस्थ यायचे. त्यांना सगळे सार म्हणत. ग्रॅनाइटमध्ये हात पोळून आता त्यांनी मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागं, एक पत्र्याची शेड घेतली होती आणि तिथं माशांना फसवायचे खोटे किडे बांधून परदेशी पाठवायचे होते. गळावर पिसं, लोकर, केस बांधून असा किडा करायचा की ट्राउट नावाच्या थंड पाण्यातल्या माशाला तो खरा वाटावा. सारांना ऑर्डर मिळाली होती. बोटं मिळत नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी आत्याच्या चार वाती खिशात घालून नेल्या.

सारांनी एक वात उजेडात धरली, बोटात फिरवली. "ये तो मशीन है," म्हणाले. "कहाँ रखे?"

"मशीन नाही सार, आत्या आहे. मागच्या खोलीत ठेवली आहे."

अशी ती नोकरीला लागली आणि तिच्याबरोबर मीही. माल तपासायचा आणि परदेशी पत्रं लिहायची हे माझं काम.

आत्याला घराबाहेर काढायला मी जे खोटं बोललो ते आधी सांगायला हवं. ससा म्हटल्यावर तिनं तोंडाला पदर लावला. त्या किड्याचं अंग सशाच्या लोकरीचं असतं. मी म्हटलं, मेंढीची आहे. गळ बघून तिनं विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "तिकडच्या बायका टोपीला लावतात. पिन आहे ती. दागिना." ती म्हणाली, "टोपीवर किडा?" मी म्हटलं, "आत्या, तिकडं काय काय लावतात तुला सांगितलं तर जेवण जायचं नाही." तिनं शेडसाठी एक वेगळं लुगडं ठरवलं, ते आल्यावर अंगणात सोडायचं, अंघोळ करायची, मग स्वयंपाकघर. एकोणिसाव्या वर्षानंतर पहिल्यांदा ती सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत होती. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी थांबून तिनं मागं वळून पाहिलं, कोणी हाक मारतं का म्हणून. कोणी मारली नाही.

शेडमध्ये आत्या धरून अकरा बाया होत्या. बहुतेक कारचोबीचं, म्हणजे जरीचं भरतकाम करणाऱ्या. त्यामुळं शेडची सुट्टी शुक्रवारी असे. सगळ्यांत वयानं मोठी होती तिला आम्ही खाला म्हणत असू. तिचा आणि आत्याचा पाट शेजारी शेजारी. समोर छोटा शिकंजा, त्यात बाक असलेला बारीक गळ पकडलेला. डोक्याशी पितळी मणी, म्हणजे किडा तळाशी जातो. मग दोऱ्यावर हिरवट लोकर वळून अंग, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, दोन्ही बाजूंना मिटलेल्या पंखांसाठी काळपट पिसाचे तुकडे, आणि पायांसाठी कोंबडीचं ठिपक्याचं पीस, मागं झुकलेलं. लोकर वळताना बाकीच्यांची दमछाक व्हायची. आत्यानं बोटाला राख लावली आणि वात वळली. खालानं हातातलं काम ठेवलं.

"अम्मा, ये हाथ कां छुपाके रखे थे इत्ते साल?"

"खोलीत," आत्या म्हणाली.

तीन आठवडे छान गेले. मग एके दिवशी डबा खाताना आत्यानं खालाला विचारलं, टोपीवर एकच लावतात की दोन.

"टोपी? कौनसी टोपी? ये तो मच्छी खाती अम्मा. खाके फँस जाती."

आत्या माझ्याकडं बघत राहिली. मी फळ्यावरचं काहीतरी पुसायला गेलो. फळ्यावर काही नव्हतं.

त्या दिवशी बसमध्ये ती एकदाच बोलली. "मी किती बांधले असतील रे?" मी म्हटलं, मोजले नाहीत. ती म्हणाली, "प्रत्येकामागं एकजण उभा आहे." मी म्हटलं, कोण. तिनं खिडकीकडं तोंड केलं.

मला वाटलं उद्यापासून ती येणार नाही. ती आली. आता वळून बघताना मला कळतं की तिला दोन्ही हवं होतं. तिला काम सोडायचं नव्हतं आणि तिच्या हातानं मासा मरायलाही नको होता. या दोन गोष्टी एका माणसाला एका शिकंज्यात कशा बसवता येतील याचा तिनं विचार केला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर शुक्रवारी दुपारी मागच्या खोलीतून कट्, कट् असा आवाज यायला लागला. मला वाटलं सुपारी फोडते आहे. घरात सुपारी कोण खातं हा प्रश्न मला पडला नाही. मी बैठकीत बसून शेजाऱ्याला रेसकोर्सवरच्या एका घोड्याची गोष्ट सांगत होतो. त्या घोड्याची शेपटी आम्ही किड्यांच्या मिशांसाठी इतकी वापरली होती की तो शर्यतीत मागं वळून बघत पळायचा.

तीन-चार महिन्यांनी सारांनी मला बोलावलं. हातात पत्र. "माल में गड़बड़ है. आधे डिब्बे के काटे चपटे हैं. चेकर कौन?"

"मी, सार."

"तुम क्या चेक करते जी?"

मी मणी बघायचो, वेढे मोजायचो, पाय बघायचो. गळाच्या टोकामागं जो उलटा काटा असतो, शिरलेला गळ परत निघू नये म्हणून, तिकडं माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. सार पाटांमधून फिरले. प्रत्येकीच्या ट्रेतला एक गळ उचलायचा, आपल्या शर्टाच्या बाहीत टोचायचा आणि ओढायचा. दहाजणींनी सारांची बाही फाडली. आत्याचा गळ लोण्यातून निघावा तसा निघाला.

आत्या उठून उभी राहिली. "मीच चेपले. पक्कड आणि गळ घरी नेते शुक्रवारची. काढायचं तर काढा. पण बाकीच्यांचेही चेपायला पाहिजेत, सांगून ठेवते."

सारांना मराठी अर्धवट कळायचं. त्यांनी खालाकडं बघितलं.

"अम्मा बोल रईं," खाला म्हणाली, "मच्छी कू भी छुट्टी होना."

अख्खी शेड हसली. सार हसले नाहीत. मी त्यांच्या हातातलं पत्र घेतलं, कारण मला दुसरं काही सुचेना, आणि उलटलं. पत्राला मागची बाजू होती. तिथं लिहिलं होतं की हे मुद्दाम केलं असेल तर असेच आणखी पाठवा. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या लोकांना उलटा काटा नकोच असतो. सारांनी ते दोनदा वाचलं आणि आत्याला खुर्ची द्यायला सांगितली. त्या दिवसापासून तिची ट्रे वेगळी झाली.

आत्या खुर्चीवर बसली नाही. "सोडतात म्हणजे काय करतात?"

"धरतात, बघतात, परत सोडतात," मी म्हटलं.

"मग धरतात कशाला?"

मी पत्र पुन्हा उलटून पाहिलं. तिथं ते लिहिलेलं नव्हतं.

"सोडलेला जगतो का?"

सारांनी माझ्याकडं पाहिलं, मी सारांकडं. ट्राउट मासा कोणी पाहिलेलाच नव्हता. खाला म्हणाली, "अम्मा, तुम मच्छी की सास हो क्या?" पण तिचाही आवाज खाली आला होता.

"मी बघून येतो," मी म्हटलं. आत्यानं मान डोलावली, जसं मी गल्लीच्या टोकाला जाऊन येणार होतो.

आणि मी खरंच गेलो. ते पत्र पाठवणारा गोरा म्हातारा त्या उन्हाळ्यात हिमाचलात मासे धरायला येणार होता. त्यानं सारांना नमुने घेऊन बोलावलं. सारांनी मला बरोबर घेतलं. इंग्रजी त्यांनाही येत होतं, पण दोन दिवसांच्या रेल्वेत बोलायला कोणीतरी हवं होतं. निघताना आत्यानं दशम्या बांधून दिल्या. "एकच कर," म्हणाली. "सोडल्यावर तो जातो कसा ते बघ. पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघ. आणि आल्यावर मला सगळं सांग."

"आत्या, सांगण्याबद्दल तू मला सांगायलीस?"

ती हसली. मला ती हसलेली तेवढीच आठवते.

नदी कुलूच्या पलीकडं. पाणी इतकं थंड की माझ्या पायाची बोटं हैदराबादेपर्यंत परत आली नाहीत. म्हाताऱ्यानं तळातला एक दगड उलटा केला. दगडाला वाळूच्या कणांची एक नळी चिकटलेली, बोटाच्या पेराएवढी. तो म्हणाला, हा किडा वाळू गोळा करून स्वतःचं घर बांधतो, आत राहतो, मग एक दिवस आतून दार लावून घेतो. आत त्याला पंख फुटतात. मग दार कुरतडून बाहेर निघतो आणि पाण्यातून वर, उजेडाकडं पोहत सुटतो. मासा त्याला नेमका तेव्हाच खातो, वर निघालेला असताना. त्यानं तसा एक निघालेला किडा पाण्यातून ओंजळीत घेतला आणि शेजारी आत्याचा ठेवला, ओला करून. बराच वेळ बघत राहिला. मग आत्याचा उचलला, पाण्यात परत सोडायला. त्याला तोच खरा वाटला होता.

हे मी वाळवून सांगतो आहे. असंच झालं.

मग त्यानं तो मला दोरीला बांधून दिला. वरच्या अंगाला टाकायचा, मणी त्याला तळाशी नेतो. वाहत खाली येऊ द्यायचा, दोरी ताणायची नाही. समोरून पुढं गेला की काठी हळूहळू वर न्यायची, म्हणजे किडा तळातून उठतो, निघाल्यासारखा. मी पहिला झाडात टाकला, दुसरा माझ्या टोपीत, तिसरा सारांच्या स्वेटरात. तिथून तो सहज निघाला, आत्याचा होता. आणि मग केव्हातरी मी काठी वर नेत होतो आणि खालून कोणीतरी ती धरली.

तो मासा किती मोठा होता हे मी आजवर निरनिराळ्या लोकांना निरनिराळं सांगितलं आहे. वीतभराहून थोडा जास्त होता. अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट निळं कडं. गळ मी हात लावताच सुटला. आत्याचं काम चोख होतं. तेव्हाच सोडायचा. पण सार म्हणाले, फोटो. कॅमेऱ्यातला रोल संपलेला, ते दुसरा घालायला लागले. मी मासा कोरड्या हातांनी वर धरून उभा राहिलो आणि बोलायला लागलो. कसा आला, किती ओढला, काठी किती वाकली. म्हातारा मागून काहीतरी म्हणत होता, मला ऐकू येत नव्हतं कारण मी बोलत होतो. खरं सांगायचं तर मी सारांशी बोलतच नव्हतो. मी मागच्या खोलीत खाटेसमोर बसलो होतो आणि आत्याला सांगत होतो. लांबी किती सांगायची ते ठरवत होतो. एवढ्यात फोटो निघाला.

मी त्याला पाण्यात सोडलं. तो आडवा झाला. मग पोट वर. पांढरं पोट वाहत निघालं आणि मी काठानं त्याच्याबरोबर धावायला लागलो, घसरत, आणि मला आठवतं की मी त्याला मराठीत म्हणत होतो, जा ना, जा ना. दोन दगडांत तो अडकला. कल्ला एकदा उघडला. मग पुन्हा उघडला. डोळा माझ्याकडं. माशाला पापणी नसते हे मला माहीत नव्हतं. मिटण्याची मी वाट बघत होतो.

म्हातारा मागून आला. "फार वेळ धरलात," एवढंच म्हणाला.

रेस्टहाउसच्या खानसाम्यानं तो तळला. सारांनी खाल्ला. चांगला होता म्हणाले.

परतीच्या दोन दिवसांत मी सतरा गोष्टी रचल्या. एकीत तो मासा उडी मारून सारांना सलाम करत होता. एकीत तो सहकुटुंब आला होता. नल्लकुंट्याला उतरलो तेव्हा त्यातली एकही माझ्याजवळ नव्हती. आत्यानं पोहे केले होते. मी खाटेसमोर बसलो. तिनं बशी माझ्या हातात दिली आणि खाली बसली.

"सुटला का?"

"सुटला."

"मग?"

"मग गेला."

"पाठ दिसली?"

"दिसली."

ती थांबली. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ती थांबली. "एवढंच?"

"एवढंच, आत्या."

तिनं माझ्या हातातली बशी काढून घेतली. मी एक घासही खाल्ला नव्हता. दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "कोथिंबीर आणायला जातोस तर तासभर सांगतोस रे."

पुन्हा तिनं त्याबद्दल कधी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी आवाज बदलला. आधी नुसतं कट् व्हायचं. आता कट्, आणि मागोमाग वाटीत काहीतरी बारीक पडल्याचं टिंग. मी दारातून पाहिलं. तिच्यापुढं पितळी वाटी होती. ती आता काटा चेपत नव्हती. कापायच्या पक्कडीनं गळाचं टोकच तोडत होती.

त्या ट्रेतला गळ सारांच्या बाहीत टोचेना. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला. "अम्मा, इससे मच्छी कैसे पकड़ेंगे?"

"नाही पकडायची," आत्या म्हणाली.

सारांनी खालाकडं पाहिलं. या वेळी खालानं हिंदीत करून सांगितलं नाही. ती आपल्या शिकंज्यातला गळ न्याहाळत राहिली. आत्यानं शिकंजा पुसला, बोटांची राख झटकली, डबा उचलला. खाला तिला बसपर्यंत सोडायला गेली. दोघी स्टॉपवर किती वेळ उभ्या होत्या, काय बोलल्या, कोणाला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा खाला म्हणाली, "तुम कू बोलने की बात रहती तो अम्मा तुमकूच बोलतीं." आणि मग, "कैकू झूट बोले मियाँ? और बोले तो इत्ता छोटा?"

त्यानंतर आत्या दोन पावसाळे होती. वाती वळायची. वाती तशाच सुईसारख्या, पण ती मध्येच थांबून बोटांकडं बघत बसायची. पाण्याची कळशी झाकून ठेवायला लागली, आणि झाकण काढायच्या आधी क्षणभर हात तसाच ठेवायची. मी म्हटलं, काय आहे त्यात. ती म्हणाली, "काही नाही. उभे असतात." मी हसण्यावारी नेलं. त्या दिवसापासून मीही कळशीत बघायचं टाळतो.

एका दुपारी तिनं पेटीतून करंडा काढला. लग्नातला, कुंकवाचा, पन्नासेक वर्षं रिकामा. उघडला तर आत कापसावर एक किडा, तिनं बांधलेल्यांत सगळ्यांत सुबक. मणी चिंचेनं घासून लखलखीत केलेला. गळाला टोक नव्हतं.

"पुन्हा गेलास तर हा लाव," म्हणाली. "आणि मग ये आणि सांग. तुझ्या पद्धतीनं सांग."

मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात जातो. तो उन्हाळा आला तेव्हा माझ्याकडं कारणं होती. दुसऱ्या उन्हाळ्याच्या आधीच ती गेली. झोपेत, मागच्या खोलीत.

तेरावा झाला आणि पहिल्याच शुक्रवारी तीन वाजता, कट्. मी बैठकीत होतो. उठलो नाही. टिंगची वाट बघितली. टोक तुटलं तर ते कुठंतरी पडायला नको का? पडलं नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. ते टोक माझ्या डोक्यावर अधांतरी लटकलेलं आहे असं वाटून मी मान खाली घालून घरात वावरायला लागलो. एका सोमवारी उठलो आणि तिकीट काढलं.

त्या नदीवर मी एकटा उभा राहिलो. काठी रेस्टहाउसची. करंडा उघडला. वरच्या अंगाला टाकला, मणी त्याला तळाशी घेऊन गेला. वाहू दिला. समोरून पुढं गेला तशी काठी वर नेली, हळू. असं दिवसभर. ऊन डोंगरावर चढलं तेव्हा दोरी थांबली. काठीचं टोक वाकलं. खालून त्यानं धरलं होतं आणि मी वर धरलं होतं, आणि मधे काही रुतलेलं नव्हतं. मी एक श्वास घेतला तेवढा वेळ. मग त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. त्यानं सोडून दिलं. उथळ पाण्यातून तो निघाला तेव्हा मला त्याची पाठ दिसली, काळसर, गोट्यांवरून जाणारी. ती दिसेनाशी झाली तरी मी बघत होतो.

घरी येऊन अंघोळ केली आणि मागच्या खोलीत खाटेसमोर बसलो. पोह्यांची बशी मीच करून आणली. सुरुवात केली. काय सांगत होतो, विचारू नका. हा मासा रिक्षाएवढा होता, त्याला मिशा होत्या, आत्याचा किडा बघून त्यानं आधी नमस्कार केला. मी हातवारे करत होतो, घाम आला होता. शेवटाला आलो, गेला म्हटलं, पाठ दिसली म्हटलं.

कट्.

खिडकीजवळ. मी पुन्हा सांगितली, आणखी मोठी करून. कट्.

मग माझ्या लक्षात आलं की ‘एवढंच?’ हे तिनं या माशाचं विचारलंच नव्हतं. मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि पहिल्याचं सांगायला लागलो. वीतभराहून थोडा जास्त. तांबडे ठिपके. रोल संपलेला. कोरडे हात. मी काय बोलत होतो आणि कोणाशी. काठानं धावलो ते, जा ना म्हणालो ते. कल्ला दोनदा उघडला ते. सारांनी खाल्ला ते. यात वाढवायला काही नव्हतं आणि तरी ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब गोष्ट झाली. सांगून संपली तेव्हा बाहेर शेजारची मुलगी तुळशीपाशी दिवा लावत होती.

मग, अगदी खाली, फरशीच्या जवळ, पितळेवर काहीतरी पडलं. टिंग.

वाटी पेटीत होती. पेटीला कुलूप होतं.

शेड आता राहिली नाही. तिथं आधी कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि मग मोबाइलचं दुकान. खाला मुलीकडं गेली. मी लग्न केलं, उशिरा. आवाज रोज येत नाही. मी खोटं बोललो म्हणूनही येत नाही. तसा आला असता तर घरात कारखाना चालला असता. मी एखादी गोष्ट जेवढी आहे त्याहून लहान करून सांगितली तरच तो येतो. मग मला त्या खोलीत जाऊन, नाहीतर ज्याला सांगायची त्याच्यासमोर बसून, उरलेली सांगावी लागते. त्यानंतर टिंग होतं.

परवा मी दवाखान्यातून आलो. बायकोनं दार उघडलं. "काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हटलं.

मागच्या खोलीत, कट्.

"पाल," बायको म्हणाली.

मी चपला काढल्या. "बस जरा," म्हटलं. "सांगतो."